नवी प्रणाली कोणत्या भाषेत लिहावी, हे आधी लिहिलेला कोडच ठरवतो का?

खतावणी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमचा सहा जणांचा गट सांगली-कोल्हापूर भागातील काही पतसंस्थांची हिशेबप्रणाली सांभाळतो. मूळ प्रणाली जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत असून ठेवींवरील व्याज, कर्जाचे हप्ते, थकबाकी आणि दंडव्याज यांची आकारणी करणारा तिचा गाभा गेल्या नऊ वर्षांत थोडा थोडा वाढत गेला आहे. आता पावत्या, खातेउतारे आणि थकबाकीच्या नोटिसा मराठीत पीडीएफ करून देणारी वेगळी सेवा लिहायची आहे. गटातील तरुण मंडळींनी त्यासाठी गो भाषा सुचवली. तयार झालेली एकच फाइल सर्व्हरवर नेऊन ठेवली की काम भागते, हा त्यांचा मुद्दा मलाही पटला.

पंधरा दिवसांत नमुना झाला. आकडे बरोबर आले, रकाने सरळ आले, वेगही समाधानकारक होता. मात्र छापलेली नोटीस हातात घेतली तेव्हा 'कर्ज' या शब्दातला रफार जागेवर नव्हता, र पायमोडका होऊन ज च्या आधी उभा होता. 'स्थिती'मधली पहिली वेलांटी थ च्या पुढे जाऊन बसली होती आणि 'दुसऱ्या' हा शब्द तर तीन तुकड्यांत विखुरला होता. शाखाधिकाऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा कागद पाहिला आणि न बोलता परत दिला.

आता गटात दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, ज्या भाषेत ही अडचण आधीच सोडवलेली आहे तीच भाषा घ्यावी. दुसऱ्या तटाला वाटते की, भाषेचे गुणदोष बाजूला ठेवून तिच्या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या कोडचे तयार संच, मोजत बसणे म्हणजे घर न पाहता शेजार पाहून जागा घेणे होय. अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

वेलांटी

शेजार पाहूनच जागा घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण तुमच्या नोटिशीतच आहे.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात सर्व लिप्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या चिन्हसंकेतात, मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. 'स्थिती'मधली ऱ्हस्व वेलांटी साठवताना थ नंतर येते, पण काढायची असते जोडाक्षराच्या आधी. रफाराचे उलट आहे: र आणि हलन्त आधी साठवले जातात आणि रफार चढतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, तेही काना-मात्रा लागल्यानंतर. 'दुसऱ्या'मधला अर्धा ऱ हा तर आणखी निराळा नियम आहे. साठवलेल्या चिन्हांपासून फॉन्टमधल्या योग्य अक्षरचित्रांपर्यंत पोहोचण्याचे हे काम हार्फबझ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर करते. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस या सर्वांच्या पोटात तेच आहे. जावाच्या नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, जावातही तेच आले. तुम्ही घेतलेली पीडीएफ लायब्ररी बहुधा एका चिन्हाला एक चित्र असे सरळ जोडत जाते. रोमन लिपीत तेवढ्यावर बरेचसे निभते, देवनागरीत निभत नाही.

हे काम पुन्हा लिहायला घेऊ नका. अक्षरजुळणीचे बारकावे वर्षानुवर्षे दोष नोंदवत आणि दुरुस्त करत त्यात साठले आहेत. तुमच्या प्रकल्पातला सर्वांत अवघड भाग हाच आहे आणि तो दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला आहे. तेव्हा 'गो चांगली की जावा चांगली' हा प्रश्न मागे पडतो आणि 'हार्फबझपर्यंत कोणत्या दाराने जाता येईल' हा प्रश्न पुढे येतो.

हार्फबझ लिहिले आहे सी++ मध्ये, पण त्याचे दार सी भाषेचे आहे. सी++, रस्ट, पायथन, गो या सगळ्या भाषा एकमेकींशी थेट बोलत नाहीत, मात्र सीशी बोलण्याची सोय प्रत्येकीने केलेली असते. माझ्या मते सी आजही टिकून आहे ती या दुभाष्याच्या कामामुळे, तिच्या लेखनसौंदर्यामुळे नव्हे. गोमधून सी बोलावता येते, पण बोलावले की तुमच्या तरुण मित्रांना आवडलेली 'एकच फाइल' ही सोय डळमळते, कारण मग प्रत्येक यंत्रणेसाठी सीचा कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आणि ती लायब्ररी सांभाळावी लागते. म्हणजे ज्या गुणासाठी भाषा निवडली, तोच गुण उसन्या कोडपायी गमवावा लागतो. रस्ट आणि गो या भाषांत हार्फबझची रूपांतरे झालेली आहेत, तीही पाहा. फक्त रूपांतर मूळ प्रकल्पाच्या मागे किती राहते, हे तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

अंकगणित

वेलांटी यांच्या म्हणण्याला माझ्या क्षेत्रातला दाखला जोडतो. पायथन ही मुळात वेगवान भाषा नव्हे, तरीही आकडेमोडीच्या शास्त्रीय कामात ती सर्वत्र दिसते. यामागे तिची सोपी मांडणी आहेच, पण त्याहून मोठे कारण असे की तिने जुना कोड स्वतः न लिहिता नीट वापरून दाखवला. रेषीय बीजगणिताची ब्लास ही पायाभूत उपकार्ये १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांच्यावर उभारलेले लॅपॅक १९९२ मध्ये आले. दोन्ही फोरट्रानमधली. १९९५ च्या न्यूमेरिक या संचातून पुढे २००६ मध्ये नमपाय हा पायथनचा आकडेमोडीचा संच आकाराला आला आणि विद्यार्थ्याला फोरट्रानचे एक अक्षर न वाचता लॅपॅकची गणिते पायथनमधून करता येऊ लागली. पायथन निवडणारा माणूस पुष्कळदा नकळत फोरट्रानच निवडत असतो!

याची दुसरी बाजूही याच भाषेने दाखवली. पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, पण जुन्या २.७ आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपेपर्यंत कित्येक प्रकल्प जुन्यावरच अडून होते. हव्या त्या लायब्रऱ्या नव्या आवृत्तीत आलेल्या नसत, एवढेच अनेकदा त्याचे कारण असे.

जुनी_वही

दोघांचेही पटते, पण एक गोष्ट राहून जाते आहे. पुनर्वापर म्हटला की सगळे परक्या लायब्ररीचा विचार करतात. खतावणी यांच्याकडे नऊ वर्षांचा स्वतःचा कोड आहे आणि त्यातला व्याजाचा भाग हीच खरी पुंजी आहे. तो गोमध्ये पुन्हा लिहायचा विचार कोणाच्या मनात असेल तर आधी पैशांच्या पूर्णांकनाकडे पाहावे. जावात बिगडेसिमल हा अचूक दशांश संख्यांचा प्रकार प्रमाण लायब्ररीतच आहे आणि बरोबर अर्ध्यावरची किंमत वर न्यायची की जवळच्या सम अंकाकडे, हे सांगता येते. गोच्या प्रमाण लायब्ररीत असा दशांश प्रकार नाही, बाहेरून आणावा लागतो. पायथनमध्ये २.५ चे साधे पूर्णांकन केले तर ३ नव्हे, २ येतात. एका खात्यावर एका पैशाचा फरक पडला तरी वर्षअखेरीला ताळेबंद जुळत नाही आणि मग रात्र रात्र जागून तो पैसा शोधावा लागतो. मी तो शोधलेला आहे.

जावाच्या आभासी यंत्रावर (जावाचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रामवर) स्काला, क्लोजर आणि कॉटलिन या भाषा उभ्या राहिल्या, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. कॉटलिनने तर जावाच्या कोडशी सहज जुळणे हे पहिल्यापासून ध्येय ठेवले. जुनी पुंजी न मोडता नवी भाषा हवी असलेल्यांना तो मार्ग सोयीचा पडला.

मात्र उसनवारीचे व्याजही लक्षात ठेवावे. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अवघे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेजभांडारावरून काढून घेतले आणि जगभर असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीमधली सुरक्षेची फट उघड झाली, तेव्हा आपल्या प्रणालीत ती लायब्ररी नक्की कुठे कुठे आहे, हे शोधण्यातच लोकांचे दिवस गेले. भाषेबरोबर तिच्या पॅकेजांची संस्कृतीही घरात येते.

आणखी एक दाखला देतो. ४ जून १९९६ ला एरियन ५ हे युरोपीय प्रक्षेपक यान पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी भरकटले आणि नष्ट झाले. दिशादर्शक यंत्रणेतला कोड एरियन ४ वरून घेतलेला होता. नव्या यानाचा आडवा वेग जास्त असल्याने ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही. कोड एडामध्ये होता, म्हणजे मोठ्या प्रणाल्या आणि पुनर्वापर डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या भाषेत. भाषेने चूक पकडलीही, पण त्या जागी ती हाताळण्याची तजवीज नव्हती, कारण जुन्या यानात ती संख्या तेवढी वाढणारच नाही असे गृहीत होते. कोडबरोबर त्याची गृहीतकेही आली आणि ती कोणी पुन्हा तपासली नाहीत.

तुमच्यापुरता उपाय सांगायचा तर लायब्ररी जोडण्याऐवजी अख्खा प्रोग्राम वापरा. व्याज जावातच राहू द्या, त्यातून एचटीएमएल (वेबपानाच्या रूपातला मजकूर) तयार करा आणि ज्याच्या पोटात हार्फबझ आहे अशा वेगळ्या प्रक्रियेकडून पीडीएफ करून घ्या. सीमारेषा दोन प्रक्रियांमधली असली की दोन्हीकडच्या भाषा एक असण्याची गरज उरत नाही.

खतावणी

सर्वांचे आभार. जुनी_वही यांनी सुचवलेली वाटणी आठवडाभर करून पाहिली. आकारणी जावातच ठेवली. पीडीएफसाठी पायथनमधले वीझीप्रिंट घेतले, जे अक्षरजुळणीसाठी पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीमार्फत हार्फबझकडे जाते. 'दुसऱ्या', 'स्थिती', 'कर्ज', 'कीर्ती' आणि 'वाङ्मय' असे चाळीस शब्द एका कागदावर छापून सगळ्यांनी वाचले. चाळीसही बरोबर आले. पायथनच्या बाजूला एकही आकडेमोड ठेवली नाही, रक्कम तयार मजकूर म्हणूनच तिकडे जाते. गो सुचवणाऱ्या मित्राची थोडी निराशा झाली, पण चाळीस शब्दांची यादी त्यानेच केली होती.

एक अडचण उरली आहे. कागदावर 'कर्ज' बरोबर दिसते, पण आमच्या एका जुन्या पीडीएफ वाचकात तोच शब्द शोधला तर सापडत नाही आणि नक्कल करून चिकटवला तर अक्षरांचा क्रम बदलतो. हा दोष आम्ही बनवलेल्या फाइलचा की त्या वाचकाचा, हे कसे ओळखावे?

वेलांटी

तीच फाइल आणखी दोन वेगळ्या वाचकांत उघडून पाहा. पीडीएफमध्ये अक्षरचित्रांपासून मूळ मजकुराकडे नेणारा तक्ता वेगळा ठेवावा लागतो. तिन्हीकडे शोध फसला तर तक्ता अपुरा आहे असे समजावे. एकाच ठिकाणी फसला तर वाचक बदला. तपासताना 'ऱ' कसा साठवला आहे तेही पाहा. तो एका चिन्हाने लिहिता येतो आणि र खाली नुक्ता (टिंब) देऊनही लिहिता येतो, म्हणून शोधण्यापूर्वी दोन्हीकडचा मजकूर एकाच प्रमाण रूपात आणावा लागतो. ते काम जावाच्या नॉर्मलायझरकडे सोपवा, तो तुमच्याकडे आधीपासूनच आहे.