मुंबईतली प्रदर्शनं आणि गॅलरी वीकेंड : बघणाऱ्यांनीही लिहा, मांडणाऱ्यांनीही

रंगरेषा
जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला आणि तिथलं समोवार कॅफे आठवलं. २०१५ मध्ये बंद झालं. उद्घाटन उरकलं की चहाला सगळे तिथेच. तर त्यावरून हा धागा. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, म्हणजे शहरातल्या गॅलऱ्या एकाच वेळी नवी प्रदर्शनं उघडतात, गुरुवार ते रविवार. कुलाबा-फोर्टातल्या बऱ्याच खासगी गॅलऱ्या एरवी रविवारी बंद असतात, त्यामुळे सहा दिवस नोकरी करणाऱ्यांना हाच रविवार हाती लागतो. उद्घाटनाच्या संध्याकाळी माणसं भेटतात, चित्रं नीट दिसत नाहीत, कारण भिंतीपुढे सगळ्यांच्या पाठी. चित्रांसाठी शनिवारी ११ ला दार उघडताच जा. मेरीवेदर रोडवर झवेरी कंटेम्पररी आणि मिरचंदानी-स्टाइनरुके, तिथून आर्थर बंदर रोडला चॅटर्जी अँड लाल, शेवटी फोर्टात क्वीन्स मॅन्शनमध्ये केमोल्ड. एका दिवसात चार-पाच पुष्कळ झाल्या, पुढे डोळे थकतात. तुमचे अनुभव लिहा.

मीठभाकर
वॉकथ्रू चुकवू नका!! चित्रकार स्वतः फिरून सांगतो. बहुतेकदा शनिवारी असतो, नाव आधी नोंदवावं लागतं. पंधरा-वीस जणांच्या वर गर्दी झाली की मागच्यांना काही ऐकू येत नाही, दहा मिनिटं आधी पोचा.

डोंबिवली फास्ट
रविवारी मेगाब्लॉक बघून निघा. आता भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्टेशन आहे, जहांगीर आहे तो काळा घोडा भाग तिथून चालत.

कॅनव्हासवाला
मांडणाऱ्यांसाठी लिहितो, कारण घोळ तिथेच होतात. जहांगीरचा आठवडा मंगळवार ते सोमवार. आधीचं प्रदर्शन उतरल्याशिवाय तुमचं चढत नाही, म्हणजे हातात काही तासच. हिशोब घरूनच करून न्या. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर धरा. फ्रेम ३६ इंच उंच असेल तर निम्मे १८, वरची कड आली ७६ वर. मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ४ इंच खाली येत असेल तर हूक ७२ वर. सगळी चित्रं मध्यावर जुळवा, वरच्या कडेवर नाही, नाहीतर लहान चित्रं छताला टांगल्यासारखी दिसतात. मोठ्या चित्राला दोन हूक द्या, एकावर ते कलतंच. आणि सगळं आणलंय म्हणून सगळं लावू नका. चार चित्रं परत गाडीत गेली तरी उरलेल्यांना श्वास मिळतो.

सांगलीकर
दादा, तारेचं एक राहिलं. डी-रिंग (तार अडकवायची फ्रेममागची कडी) वरून एक तृतीयांशावर लावा. त्याहून खाली घेतली की फ्रेम पुढे झुकते आणि काचेत दिवे दिसतात.

कॅनव्हासवाला
बरोबर. दिवा वरून, उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत. कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या (उजेडाचं माप) वर नको, जलरंग उडतात. तैलरंगाला २०० चालतात.

पावसाळी
टेम्पोने चित्रं पाठवणारे, बबल रॅप थेट अ‍ॅक्रिलिकवर लावू नका हो!! उकाड्यात रंग मऊ पडतो, फुगे उमटतात आणि ते निघत नाहीत. आधी ग्लासिन (पातळ, गुळगुळीत) कागद, मग बबल रॅप, कोपऱ्यांना पुठ्ठा. कॅनव्हास गुंडाळायचाच असेल तर रंगाची बाजू बाहेर, जाड नळीवर. आत घेतली की रंग दाबला जाऊन सुरकुततो. जलरंग काचेला टेकता कामा नये, मधे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवाच. टेकला की मुंबईच्या दमटपणात बुरशी ठरलेली.

मीठभाकर
ग्लासिन कुठे मिळतो?

पावसाळी
चित्रकलेच्या साहित्याच्या मोठ्या दुकानात. नाहीच मिळाला तर सिलिकॉनचा बेकिंग पेपर लावा, मेणकागद नको.

आईची लेक
सासूबाईंना घेऊन जाणाऱ्यांसाठी : कुलाब्यातल्या जुन्या इमारतींत जिने उंच, लिफ्ट असेलच असं नाही. आधी फोन करून विचारा. त्या मानाने जहांगीर सोपं. एनजीएमएमध्ये (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) मात्र खालून वर घुमटापर्यंत चढत जायचं, सोमवारी बंद.

रंगरेषा
ताई, खरंय. सर कावसजी जहांगीर हॉलचं १९९६ मध्ये संग्रहालय केलं तेव्हा आतली रचनाच तशी झाली. थकण्याआधी वर जाऊन उतरत बघितलं तरी चालतं, फक्त कालक्रम उलटा लागू शकतो.

अर्धा चहा
घोडा घोडा म्हणतात तो मूळ पुतळा आता तिथे नाही. सातवा एडवर्ड घोड्यासकट १९६५ मध्ये हलवला, राणीच्या बागेत आहे. आत्ताचा बिनस्वाराचा घोडा २०१७ चा.

डोंबिवली फास्ट
काळा घोडा फेस्टिव्हलला दुसऱ्या शनिवार-रविवारी जाऊ नका, मांडणी दिसत नाही, सेल्फीच दिसतात. आठवड्यात, दुपारी जा.

हिशोबनीस
विकत घेणाऱ्यांनी टेबलावर किंमतयादी मागावी, लाजू नये. लाल टिकली म्हणजे विकलं गेलं. किंमतीत जीएसटी धरलाय का तेही विचारा, चित्रांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के आहे. फ्रेम आणि पोचवण्याचा खर्च वेगळा असू शकतो. चित्रकाराच्या सहीचा सत्यता दाखला बिलासोबतच घ्या, मागाहून मिळवताना दमछाक होते. चित्रकारांनो, खासगी गॅलरी साधारण निम्मा वाटा घेते, तो धरूनच किंमत लावा. स्टुडिओतून स्वस्तात विकलं तर गॅलरीचा विश्वास जातो, आधीच्या ग्राहकाचाही.

शुद्धलेखन
भिंतीवरचा मजकूर मराठीतही लावा, अगदी कळकळीने सांगते. जे. जे. कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनाला गावाकडचे आईवडील येतात, मुलाच्या चित्रासमोर उभे राहतात आणि खालचं काही वाचता येत नाही. एक ए-फोर कागद, अक्षर १८ पॉइंटच्या खाली नको, तिरकं वळण नको. लेबलवर शीर्षक, माध्यम, माप (आधी उंची, मग रुंदी), वर्ष. चित्राच्या उजवीकडे, सगळी एका उंचीवर.

सांगलीकर
ताई, लेबलं सनबोर्डवर (फोमचा हलका बोर्ड) चिकटवा, मागे दुहेरी टेप. नुसता कागद एसीच्या वाऱ्याने संध्याकाळपर्यंत सुटतो.