वरळी बीडीडी: ५०० फुटांचं घर हवंच, पण त्यासाठी ४० मजले का?

सातरस्ता
ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, आता पाडून टॉवर होतायत त्या) पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. पिढ्यान्‌पिढ्या १६० फुटांच्या खोलीत राहिलेल्या माणसांना ५०० फुटांचं मालकीचं घर, स्वतःचं संडास-बाथरूम, तेही खिशातून काही न घालता. हे व्हायलाच हवं होतं, त्यावर वाद नाही. माझा प्रश्न फक्त उंचीचा आहे. जिथे तळमजला अधिक तीन होते तिथे थेट ४० मजले कोणासाठी?

जरा आकडे मांडतो. वरळीत १२१ चाळी, एका चाळीत ८० खोल्या, म्हणजे साडेनऊ हजारांच्या वर बिऱ्हाडं. जागा साधारण ५९ एकर, म्हणजे २५ लाख चौरस फुटांच्या थोडी वर. प्रत्येकाला ५०० फूट कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, द्या, त्यावर भिंती, जिने, लिफ्ट, पॅसेज असे एक तृतीयांश वाढवा, तर बांधकाम होतं ६५ लाख फुटांच्या आसपास. एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम ते, फक्त अडीच. जमिनीच्या तीन भागांपैकी एकाच भागावर बांधलं आणि बाकी दोन भाग रस्ते, मैदान, झाडं, शाळा यांना सोडले तरी सात-आठ मजल्यांत सगळे भाडेकरू बसतात! बाकीची उंची त्यांच्या गरजेपोटी आलेली नाही, बाजारात विकायच्या इमारतींना जमीन मोकळी करायची म्हणून त्यांना वर चढवलंय.

आणि उंचीचा खर्च महिन्याला असतो. हायस्पीड लिफ्ट, पाणी वर ढकलणारे पंप, फायरची सगळी यंत्रणा, जनरेटर. पहिली १२ वर्षं देखभालीची सोय आहे, तेराव्या वर्षी काय? सोलरचंच बघा, सात-आठ मजली इमारतीत एका घराच्या वाट्याला ८५-९० फूट गच्ची येते, म्हणजे पाण्याच्या टाक्या सोडून पाऊण किलोवॅटच्या आसपास पॅनल बसू शकतात. ४० मजल्यांत वाट्याला येते १६-१७ फूट. लिफ्टचंही भागणार नाही त्यात.

माझं म्हणणं एवढंच की शहरातलं लहान घर टिकायचं तर त्याचा महिन्याचा खर्च त्या घरातल्या पगाराला झेपला पाहिजे, आणि लहान पोराला कोणाला न विचारता खाली खेळायला उतरता आलं पाहिजे. मोठ्या उंचीत या दोन्ही गोष्टी जातात.

दिवाळीपहाट
अगदी मनातलं बोललात. गॅलरीत उभं राहून गप्पा, सगळ्यांची दारं उघडी, कोणाकडे काय शिजतंय ते वासावरून कळायचं, ती चाळसंस्कृती टॉवरमध्ये येणार नाही. बंद दारं आणि सीसीटीव्ही, झालं.

वरळीकरीण
गॅलरी?? बीडीडी आतून बघितलीय का तुम्ही कधी? आमच्याकडे गॅलरी नव्हतीच. मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, दिवसासुद्धा बल्ब लावायला लागायचा. १९३० च्या सविनय कायदेभंगात इंग्रजांनी याच वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला होता, त्यासाठी फार काही बदलावं लागलं नसणार असं मला तिथे राहून नेहमी वाटायचं.

खोलीच्या कोपऱ्यात मोरी, कमरेएवढी भिंत आणि पडदा. मी आंघोळीला गेले की बाबा आणि दोन्ही भाऊ बोळात जाऊन उभे, मग ते आल्यावर आई, मग भांडी, मग कपडे, सगळं त्याच मोरीत. रात्री घरातले पुरुष गाद्या घेऊन बोळात झोपायचे, अंगावरून पाय टाकत संडासला जायचं. वीस बिऱ्हाडांना एकत्र संडास म्हणजे काय ते पाळीच्या दिवसात बाईला विचारा, सातव्या महिन्यात विचारा. ज्याला त्याला आमच्या चाळसंस्कृतीचं कौतुक, पण ते करणारे बहुतेक पुरुष असतात आणि चाळ सोडून वीस-तीस वर्षं झालेली असतात, हे माझं निरीक्षण आहे.

सातरस्ता, तुमचे आकडे बरोबरही असतील, पण आम्ही चाळीस मजल्याला घाबरत नाही. बाबांचे गुडघे गेल्यापासून ते तिसऱ्या मजल्यावरून फक्त दवाखान्यात जायलाच खाली उतरायचे. आता लिफ्टने रोज संध्याकाळी खाली जाऊन बसतात. तुम्ही म्हणता पोराला खाली उतरता आलं पाहिजे, बरोबर आहे, म्हाताऱ्याचंही धरा ना त्यात.

हिशेब_दाखवा
सातरस्ता यांच्या मांडणीत पैसे येणार कुठून हेच नाहीये. ६५ लाख फूट बांधायचे, फुटाला नुसते चार हजार धरले तरी २६०० कोटी. त्यात बांधकाम चालू असताना हजारो कुटुंबांचं संक्रमण शिबिर किंवा भाडं वेगळं. विक्रीचा भाग आहे म्हणून भाडेकरूला घर फुकट मिळतंय. तो काढलात तर एकतर भाडेकरूने पैसे भरायचे नाहीतर राज्यभरातल्या करदात्यांनी. वरळीतल्या साडेनऊ हजार घरांसाठी बीडच्या शेतकऱ्याने किंवा नंदुरबारच्या शिक्षकाने का भरायचे? म्हाडा इथे बिल्डरला जमीन आंदण देत नाहीये, स्वतः राबवतेय, विक्रीतून येणारा पैसा प्रकल्पात येतोय. उंची हीच या योजनेची तिजोरी आहे, ती काढून घेतली तर अजून तीस वर्षं नुसत्या बैठका होतील. आधीची किती वर्षं तशीच गेली ते वरळीवाल्यांना विचारा.

वीट_चुना
मी आर्किटेक्ट आहे, पुण्यात काम करते. उंच की बुटकं एवढाच वाद घालण्यात अर्थ नाही, घनता कशी बांधायची हा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरं आपल्याच आजूबाजूला आहेत. सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज घ्या, चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८० च्या दशकात केलेलं. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, असे तीन गट मिळून मोठं अंगण, मग त्याहून मोठं मैदान. ५.४ हेक्टरवर ५५० कुटुंबं. भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत म्हणून ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं ही मूळ कल्पना. लोकांनी वाढवलीसुद्धा, कित्येकांनी मूळ घर पाडून मोठं बांधलं, पण अंगणं बऱ्याच ठिकाणी अजून आहेत.

येरवड्यातलं त्याहून जवळचं उदाहरण. केंद्राच्या शहरी गरिबांसाठीच्या बीएसयूपी योजनेत (जेएनएनयूआरएममधली) तिथल्या वस्त्यांमध्ये कच्ची घरं जागच्या जागी पाडून २७० फुटांची पक्की बांधली, गल्ल्या बऱ्यापैकी आहेत तशा ठेवल्या, पक्की घरं होती त्यांना हात लावला नाही. महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेच्या बायका घरोघरी नकाशा घेऊन बसल्या होत्या. जागा एकाच मजल्यावर मावत नव्हती तिथे घर उभं वाढवलं, खाली स्वयंपाक आणि वर झोपायची खोली. दहा टक्के रक्कम कुटुंबाने भरायची होती. कोणी कुठे लांब फेकलं गेलं नाही, पोरांच्या शाळा बदलल्या नाहीत, धुण्याभांड्याची कामं सुटली नाहीत. माझ्या लेखी सस्टेनेबल यालाच म्हणायचं. सोलर पॅनल आणि ग्रीन रेटिंगचा बोर्ड नंतर.

आरसीसी
वीट_चुना मॅडम, आदर आहे पण बेलापूर वरळीला लावू नका प्लीज. ५.४ हेक्टरवर ५५० म्हणजे हेक्टरी शंभर घरं. वरळीत आजच, त्या जुन्या तीन मजली चाळींमध्येच, हेक्टरी चारशेच्या वर बिऱ्हाडं आहेत. चौपट! बेलापूरच्या पद्धतीने बांधलं तर चारातले तिघे वरळीबाहेर.

आणि सात-आठ मजले म्हणजे आपोआप माणुसकीची वस्ती असं कोणी समजू नये. गोवंडी-मानखुर्दकडे जाऊन या, नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड, याच उंचीच्या इमारती आहेत. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांना दुपारी बारालाही दिवा लागतो. त्या भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास झाला त्यात अंधार आणि कोंदट हवा यांचा टीबीशी संबंध दिसला होता, पेपरात भरपूर आलं होतं. म्हणजे कमी उंचीने तिथे गरिबाचं काय भलं झालं? त्यापेक्षा उंच आणि लांब-लांब उभे टॉवर परवडले, निदान ऊन तरी येतं.

सातरस्ता
आरसीसी, गोवंडीचा मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो माझ्याच बाजूने वापरणार आहे. तिथे घात उंचीने केला नाही, अंतराने केला. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमात सूट दिली, कारण तेवढीच जमीन दुसरीकडे वापरायला मिळते. वरळीत तीच जमीन भाडेकरूला उंच नेऊन मोकळी केली. दोन्हीकडे भाडेकरूची वस्ती कमीत कमी जमिनीवर आटोपायची हेच धोरण, फक्त एकीकडे ती दाटीवाटीने आटोपली आणि दुसरीकडे उंचीने. माझ्या हिशेबात दोन तृतीयांश जमीन मोकळी आहे हे तुम्ही वाचलंत का?

हिशेब_दाखवा, पैशाबद्दल. या चाळी बांधल्या कशा ते बघा. १९२० मध्ये गव्हर्नर लॉईडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. गिरण्यांना कामगार पाहिजे होता म्हणून कापसाने त्याच्या घराचे पैसे दिले. आज वरळी-लोअर परळमध्ये ऑफिसं आणि लक्झरी टॉवर कोणाच्या श्रमावर चालतात? हाउसकीपिंग, सिक्युरिटी, डिलिव्हरी, दवाखान्यातल्या आया. मग त्या व्यापारी बांधकामावर घरांसाठी उपकर लावणं एवढं अशक्य का वाटतं? बीडच्या शेतकऱ्याकडे जायची गरजच नाही. आणि विक्री शून्य करा असं मी म्हणत नाहीये. रस्त्याकडेचे दोन-तीन प्लॉट विका, त्यावर पाहिजे तेवढं उंच बांधा, विकत घेणाऱ्याला तो मेंटेनन्स झेपतो.

हिशेब_दाखवा
उपकराचा मुद्दा चांगला आहे पण तो कायदा करायला, कोर्टातून पार पडायला किती वर्षं? चाळी शंभर वर्षांच्या झाल्यात, स्लॅबचे तुकडे पडतायत. तोपर्यंत कोणी दगावला तर तुमचा सात मजल्यांचा नकाशा काय कामाचा. शिवाय दोन-तीन प्लॉट विकून २६०० कोटी उभे राहतात हे तुम्ही गृहीत धरलंय, मांडून दाखवलं नाहीत.

चारकोपवाली
वाद मुंबईचा चाललाय आणि चारकोपचं नाव कोणी काढलं नाही म्हणून लिहिते. १९८५ च्या वर्ल्ड बँकेच्या योजनेत चारकोप-गोराईला म्हाडाने घरं बांधून दिलीच नाहीत, प्लॉट दिले. २५, ३०, ४० चौरस मीटरचे. रस्ता, पाणी, गटार, वीज आधी, घर तुमचं तुम्ही. साधारण ३५ प्लॉट एका चौकाभोवती आणि त्या ३५ जणांची एक सोसायटी. माझ्या सासऱ्यांनी आधी पत्र्याची एक खोली केली, मग पीएफ काढून स्लॅब, मग दिराच्या लग्नाआधी वरचा मजला. कुठल्या बिल्डरचं तोंड बघायला लागलं नाही. मेंटेनन्स इतका कमी की त्यावरून कधी भांडण झालेलं मी बघितलं नाही.

आमच्या चौकात गणपती बसतो, हळदी होतात, मे महिन्यात एका बाजूला पापड आणि दुसऱ्या बाजूला क्रिकेट. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोरगी दिसते. हे सातरस्ता म्हणतात तेच आहे. पण पूर्ण चित्र सांगायचं तर आता चौकात बाइकच बाइक आहेत, काही जणांनी परवानगी नसताना मजले चढवलेत, जिना इतका उभा की सासूबाई वर येत नाहीत, आणि वरच्या मजल्याला पाणी येत नाही म्हणून प्रत्येकाचा वेगळा पंप. लिफ्ट बसायला जागाच नाही. पस्तीस घरांचा चौक हे माप मात्र जमून गेलंय, असं मला वाटतं. सगळे सगळ्यांना ओळखतात आणि मीटिंगला कोरम भरतो. टॉवरमध्ये एका सोसायटीत किती घरं असणार?

वीट_चुना
चारकोपवाली, अगदी हेच म्हणायचं होतं मला. आरसीसी घनतेबद्दल बरोबर बोलतायत, बेलापूर जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण तीस-चाळीस घरांचा गट आणि त्याची स्वतःची मोकळी जागा हे आठ मजल्यात बसतं. मजल्याला चार-पाच घरं, एक जिना, एक साधी लिफ्ट, जिन्याला बाहेरची हवा आणि प्रत्येक घराला दोन बाजूंनी खिडक्या म्हणजे वारा आरपार. चार अशा इमारती एका अंगणाभोवती. अंगणाकडे तोंड करून तळमजल्यावर पाळणाघर, शिवणकामाची खोली, वाचनालय. टॉवरमध्ये याच जागी पोडियम पार्किंग येतं, म्हणजे खालच्या मजल्यांवर नुसत्या गाड्या. भाडेकरूंपैकी किती जणांकडे गाडी आहे?

आरसीसी
आज नसेल, दहा वर्षांनी असेल. तेव्हा तुमच्या अंगणाचं चारकोप होईल, त्यांनीच लिहिलंय वर. पोडियमला नावं ठेवणं सोपं आहे, पण गाड्या कुठेतरी उभ्या राहणारच. माझं मत बदललेलं नाही, एवढ्या महाग जमिनीवर उंच जाणंच योग्य. फक्त गट छोटे ठेवायचा मुद्दा पटतोय, तो टॉवरमध्येही करता येईल, दर पाच-सहा मजल्यांना एक मोकळा कॉमन मजला देऊन. तो एफएसआयमधून वगळायला पाहिजे नाहीतर कोणी देणार नाही.

वरळीकरीण
सगळं वाचलं. सातरस्ता, विक्रीच्या इमारतींबद्दल तुम्ही म्हणता ते आमच्यातही लोक बोलतात, पण ज्याच्या हातात चावी आलीय त्याला आता खाली उतरवून सात मजल्यांचं बोलता येणार नाही. नायगाव, ना. म. जोशी मार्गच्या बीडीडी चाळींचंही काम पुढे गेलंय. शिवडीच्या १२ बीडीडी चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर म्हणून मागे राहिल्यात, तुमचा नकाशा आणि पैशाचा तक्ता घेऊन तिथल्या लोकांकडे जा, तिथे अजून बोलायला जागा आहे. जाल तेव्हा मीटिंग संध्याकाळी सातला नका ठेवू, तेव्हा बायका स्वयंपाकात असतात आणि मग मोरी कुठे, ओटा किती उंच, कपडे कुठे वाळत घालायचे हे पुरुषच ठरवतात.

आम्हा वरळीवाल्यांना तेराव्या वर्षाची काळजी आतापासून करायला हवी, हा तुमचा मुद्दा मी आमच्या मजल्यावर मांडलाय. घरटी महिना ५०० रुपये वेगळ्या खात्यात टाकले तर १२ वर्षांत प्रत्येक घराचे ७२,००० जमतील, व्याज वेगळं. आमच्या मजल्यावर अर्धे तयार आहेत, बाकीचे म्हणतात म्हाडा बघेल. इथे ज्यांच्या सोसायटीने असं खातं चालवलंय त्यांनी नियम काय केले ते सांगा, मधेच घर विकलं तर त्याचे पैसे परत द्यायचे की नाही यावर आमचं अडलंय.