वॉलआय दुपारी का लागत नाही
भर दुपारी चार तास बसूनही एक वॉलआय (उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा) गळाला लागला नाही, अशी एकाची तक्रार आहे. दोष आमिषाचा नाही हो, वेळेचा. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा चकाकणारा थर असतो. अंधुक उजेडात त्याला छान दिसतं, कडक उन्हात तो खोल पाण्यात जाऊन पडतो. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्यावर आम्ही ऊन कलल्यावरच होडी काढतो. वाऱ्याने पाणी डचमळत असेल तर मात्र दुपारीही आशा असते.

वॉलआयसाठी हलका जिग (वजनदार डोक्याचा गळ), त्याला जिवंत जळू (डबा फ्रिजमध्ये ठेवायला घरून परवानगी नाही!). जळू चोषकाच्या (चिकटायच्या चकतीच्या) बाजूने टोचा, म्हणजे ती नीट पोहते. जिग तळाला टेकला की वीतभर उचलायचा, पुन्हा सोडायचा. मासा लागला तरी हिसका बसेलच असं नाही. ओलं फडकं अडकल्यासारखं नुसतं जड लागतं. तेव्हाच ओढा.

लार्जमाउथ बास (हाही गोड्या पाण्यातला मासा) पाणकमळांच्या पानांखाली दबा धरून असतो. प्लास्टिकच्या गांडुळात गळाचं टोक लपवून थेट फटीत टाका. त्याचा भाऊबंद स्मॉलमाउथ बास दगडगोट्यांत शोधा.

आणि मिल लॅक्सला येणार असाल तर यंदाचे वॉलआयचे नियम आधी बघून घ्या, तिथले वेगळे असतात.