हिवाळ्यात विंडसर्फिंगसाठी उष्ण बेट: वारा बघून ठरवायचंय, सल्ला द्या

शीडवाली

नमस्कार मंडळी. डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान दोन आठवडे फक्त विंडसर्फिंगसाठी एखाद्या उष्ण कटिबंधातल्या बेटावर जायचं आहे. आम्ही दोघं आहोत. मी तीन हंगाम तलावावर काढलेत. हार्नेस (शिडाला अडकवायचा कमरेचा पट्टा) वापरते, पाय स्ट्रॅपमध्ये जातात, वॉटरस्टार्ट (पाण्यात पडल्यावर वाऱ्याने शीड उचलून बोर्डवर चढणं) दहातून सहा वेळा जमतो, जाइब (वारा पाठीशी घेऊन वळणं) अजून पाण्यातच संपतो. वजन 60 किलो. नवरा 84 किलोचा, त्याचं हे दुसरंच वर्ष. 12 नॉटपर्यंत (ताशी साधारण 22 किमी) तो मजेत असतो, त्यापुढे त्याला भीती वाटते आणि वॉटरस्टार्ट येत नाही.

मनात हवाईतलं मावी होतं, कारण सगळे सुंदर व्हिडिओ तिथलेच. पण वाऱ्याचे आकडे बघायला लागले आणि गोंधळ वाढला. एका बेटाची महिन्याची सरासरी 14 नॉट, दुसऱ्याची 17, आणि 17 वाल्याबद्दल लोक लिहितात की आठवडाभर वाराच नव्हता. मागच्या वर्षी आम्ही दहा दिवस गेलो आणि त्यातले सात दिवस किनाऱ्यावर बसून होतो. वर्षभर पैसे आणि रजा साठवून असं झालं की फार लागतं. या वेळी चूक नको आहे. बेट कसं निवडायचं आणि कोणता महिना?

खारावारा

ताई, आधी बेट नका निवडू, आधी वारा निवडा. प्रत्येक जागेबद्दल विचारायचा पहिला प्रश्न असा की तिथला वारा कशावर उभा आहे. व्यापारी वारा, मोसमी वारा, की जमीन तापल्यावर सुटणारा खारा वारा? तिघांचा स्वभाव निराळा, आणि भरवसाही निराळा.

सरासरीबद्दल तुमचा गोंधळ अगदी बरोबर जागी आहे. सात दिवस 21 नॉट आणि सात दिवस 7 नॉट, सरासरी 14. चौदाही दिवस 14 नॉट, सरासरी तीच. पहिल्या बेटावर तुमचा नवरा अर्धे दिवस घाबरणार आणि उरलेले दिवस तुम्ही दोघं बसून राहणार. त्यातच ही सरासरी बऱ्याचदा चोवीस तासांची असते, म्हणजे तुम्ही झोपलेले असतानाचा वाराही तिच्यात मिसळलेला. म्हणून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढ्याच वेळाचे आकडे बघा, आणि महिन्यातले किती दिवस 15 च्या वर होते ते मोजा. एका वर्षाचं बघू नका, निदान पाच वर्षांचं बघा.

दुसरं म्हणजे वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 12 वरून 17 नॉट हे कागदावर पाचाने जास्त दिसतं, पण शिडावर जोर दुप्पट होतो. 12 वरून 24 झाला तर चौपट. तुमच्या नवऱ्याला 12 च्या पुढे भीती वाटते यात त्यांचं काही चुकत नाही.

आता बेटं. हिवाळ्यात माझ्या मते तुम्हा दोघांसाठी एकच जागा पहिल्या नंबरावर आहे, बोनेअर. कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण कडेला, 12 अंश उत्तरेला. अटलांटिकवरच्या मोठ्या उच्च दाबाच्या पट्ट्यातून व्यापारी वारे पूर्वेकडून येतात. हिवाळ्यात उत्तर अमेरिकेवरून थंड, जड हवा समुद्रावर सरकते आणि दाबातला फरक वाढतो, त्यामुळे वारा आणखी चढतो. शिवाय कॅरिबियनवर साधारण एक किलोमीटरच्या आत उंचीवर वेगवान वाऱ्याचा एक पट्टा असतो. तो जुलैत सगळ्यात जोरात असतो आणि फेब्रुवारीच्या आसपास पुन्हा एकदा चढतो. अरुबा, बोनेअर, कुरासाव यांना त्याचा फायदा मिळतो. तिथला पडका काळ सप्टेंबर ते नोव्हेंबर.

वाऱ्याइतकीच महत्त्वाची तिथली खाडी आहे. लॅक बे बेटाच्या पूर्व बाजूला आहे, तोंडाशी प्रवाळाची रांग लाटा अडवते, आणि आत बराच भाग कमरेएवढा खोल. म्हणजे 18 नॉटमध्ये पडलं तरी पाय टेकवून उभं राहायचं आणि बोर्डवर चढायचं. ज्याला वॉटरस्टार्ट येत नाही त्याच्यासाठी यापरता आधार नाही. वारा समुद्राकडून खाडीत शिरतो, त्यामुळे सुटलात तरी वाहून आतल्या खारफुटीकडे जाता, खुल्या समुद्रात नाही. याच पाण्यावर टॅटी फ्रान्स, टाँकी फ्रान्स, किरी थोडे असे जागतिक दर्जाचे फ्रीस्टाइल खेळाडू तयार झाले. यांपैकी किरी थोडे हा 2013 मध्ये फ्रीस्टाइलचा (कसरतींच्या प्रकाराचा) विश्वविजेता होता. एकाच खाडीत शिकाऊ आणि विश्वविजेता शेजारी शेजारी, असं फार थोड्या ठिकाणी दिसतं.

शीडवाली

किती छान समजावलंत! मग मावी पूर्ण सोडूनच द्यायचं का? आणि मॉरिशसचंही कुणीतरी सुचवलं होतं.

खारावारा

या वेळेपुरतं सोडा, कायमचं नको. मावीचा वारा दोन डोंगरांमधून दाबून निघतो. एका बाजूला हालेआकाला, 3,055 मीटर, दुसऱ्या बाजूला वेस्ट मावीचे डोंगर. त्या फटीत व्यापारी वारा वेग घेतो. पण हा वारा उन्हाळ्यात नेमाने वाहतो. हिवाळ्यात उत्तरेकडून वादळी पट्टे येतात, वाऱ्याची दिशा फिरते, मधले कितीतरी दिवस वारा मोडतो. आणि त्याच महिन्यांत उत्तर किनाऱ्यावर मोठ्या लाटा येतात. तिथल्या होओकिपा किनाऱ्यावर हिवाळ्यात उतरणं हे वर्षानुवर्षं लाटांत खेळलेल्यांचं काम आहे. जाइब पक्का झाला की जूनमध्ये जा.

मॉरिशसचं साधं आहे: ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला, 20 अंशांवर. तिथला हिवाळा म्हणजे जून ते सप्टेंबर, तेव्हा आग्नेयेचा वारा तिथल्या ले मोर्न किनाऱ्यावर मस्त वाहतो. तुम्ही म्हणताय ते महिने तिथे चक्रीवादळांचे.

उधाणभांग

खारावारा यांच्या सगळ्या मुद्द्यांना अनुमोदन, पण एक गोष्ट राहिली: भरती-ओहोटी. ही मी फार मोठी किंमत देऊन शिकलो म्हणून लिहितो.

टांझानियातल्या झांझिबार बेटावर गेलो होतो, पूर्व किनाऱ्यावर पाजे गावी. वारा निवडताना काहीच चुकलो नव्हतो. तिथे डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत ईशान्येचा मोसमी वारा असतो, स्थानिक लोक त्याला कास्काझी म्हणतात. जून ते सप्टेंबर आग्नेयेचा, तो कुसी. मी जानेवारी धरला, वारा ठरल्याप्रमाणे आला. पण पहिला आठवडा पौर्णिमेवर पडला होता. तिथे उधाणाच्या (पौर्णिमा-अमावस्येच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत भरती-ओहोटीतला फरक तीन-चार मीटर असतो आणि किनारा अगदी सपाट, त्यामुळे पाणी नजरेच्या टोकापर्यंत मागे जातं. ऐन खेळायच्या तासांत समोर ओली वाळू, प्रवाळ आणि सागरी साळू. वारा अंगावरून वाहतोय आणि बोर्ड तरंगवायला पाणी नाही, ही घालमेल मी पाच दिवस सोसली. दुसऱ्या आठवड्यात अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती-ओहोटीचा काळ) लागला, पाणी मध्यम राहिलं, आणि तेव्हाचे चार दिवस आयुष्यातले सर्वोत्तम गेले.

म्हणून सांगतो, जिथे भरतीचा फरक मोठा तिथे विमानाचं तिकीट काढण्याआधी पंचांग उघडा. एका किनाऱ्यावर उधाणाची पूर्ण ओहोटी दर वेळी साधारण त्याच घटकेला येते आणि रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकत जाते. त्या किनाऱ्याचा भरतीचा तक्ता घ्या आणि तुमचे दिवस त्यावर मांडून बघा. बोनेअरला हा प्रश्न जवळजवळ नाहीच, कॅरिबियनमध्ये फरक फार थोडा असतो. हे त्याच्या बाजूचं आणखी एक कारण.

पूर्वेचा

बोराकाय कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. फिलिपिन्समधलं लहानसं बेट, नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा वारा, त्याला अमिहान म्हणतात. पूर्वेकडच्या बुलाबोग किनाऱ्यावर खेळ चालतो, पुढे प्रवाळाची रांग असल्याने पाणी बऱ्यापैकी सपाट. पण हा वारा सायबेरियावरच्या थंड हवेच्या जोरावर चालतो, आणि ती हवा लोटालोटांनी खाली येते. चार दिवस जोरात, मग दोन दिवस शांत. पतंगासारख्या शिडाने खेळणाऱ्या काईटवाल्यांची दाटी असते. डिसेंबरमध्ये टायफूनची शक्यता पूर्ण संपलेली नसते, 2019 च्या नाताळातच एक त्या भागावरून गेलं. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी चांगला. मला ते बेट फार आवडतं, तरीही नवऱ्याला वॉटरस्टार्ट येत नाही हे वाचून मी बोनेअरच म्हणेन.

शीडवाली

उधाणभांगदादा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. हे मला कधीच सुचलं नसतं.

आता दोन शंका. एक, अरुबा आणि पश्चिम आफ्रिकेजवळचं केप व्हर्दही हिवाळ्यात वाऱ्याचेच म्हणतात, ते का नको? दोन, बोनेअरला 20 च्या वर वारा असेल तर 12 नॉटचा माणूस काय करणार? तो म्हणतोय, "तू खेळ, मी बघतो." मला ते नकोय. दोघांनी पाण्यात असायला हवं.

खारावारा

अरुबाचा हाडिकुरारी किनारा बेटाच्या पश्चिमेला आहे, म्हणजे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. पाणी सपाट, दिसायला निरागस. पण काही तुटलं किंवा दमलात तर वारा तुम्हाला किनाऱ्यापासून दूर नेतो. तिथे बचाव बोट असलेल्या केंद्रातूनच उतरायचं आणि जवळच राहायचं. हा नियम मी फक्त अरुबासाठी सांगत नाहीये. जमिनीकडून सुटलेला वारा कुठेही असो, किनाऱ्याजवळ झटक्यांनी येतो आणि आत गेल्यावर एकदम अंगावर येतो. मी स्वतः एकदा मास्टचा (शिडाच्या डोलकाठीचा) जोड तुटल्यावर तासभर वाहत गेलो आहे. बोर्ड सोडला नाही म्हणून आज लिहितोय. बोर्ड कधीही सोडायचा नाही, शीड सोडावं लागलं तरी.

केप व्हर्दच्या साल बेटावर सांता मारियालाही वारा बराचसा बाहेरच्या दिशेनेच असतो. पाणी हिवाळ्यात 22-23 अंश, पातळ वेटसूट लागतो. लाटांचे शौकीन तिथे खूश असतात. तुमच्यासाठी नाही.

नवऱ्याचं उत्तर महिन्यात आहे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत कॅरिबियनमध्ये ज्याला ख्रिसमस विंड्स म्हणतात तो काळ असतो, 25 च्या वरचे दिवस येतात. तो टाळा. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारी धरा. तेव्हाही वारा चांगलाच असतो, पण दुपारपेक्षा सकाळ मवाळ असते. ऊन चढलं की जमीन तापते, हवा घुसळली जाते आणि वरचा जोरदार वारा खाली उतरतो. तुमचे यजमान आठ ते अकरा पाण्यात, तुम्ही अकरानंतर, आणि मधला एक तास दोघं एकत्र.

शीड क्रमांक

सामानाबद्दल मी लिहितो. घेऊन जाऊ नका, तिथे भाड्याने घ्या. मात्र बुक करताना लेखी विचारा की रोज हवं तेव्हा शीड बदलून मिळेल का. वारा चढला की लहान शीड हातात यायला हवं, नाहीतर भीती परत येते.

84 किलो आणि शिकाऊ: बोर्ड 150 लिटर आकारमानाच्या वर, शीड 15 नॉटला 5 चौरस मीटरच्या आसपास. त्याच वजनाचा सराईत याहून मोठं घेईल, पण त्यांना नको. वारा 18 झाला की 4.5 च्या शिडावर या आणि हट्ट करू नका. ताई तुम्हाला 18 ते 22 नॉटमध्ये 4.5 चं शीड आणि 85 ते 95 लिटरचा बोर्ड. खाडी उथळ आहे म्हणून फिन (बोर्डखालचं पातं) आखूड मागा. लांब फिन तळाच्या सागरी गवतात अडकते, आणि त्या गवतावर कासवं चरतात, ते ओरबाडायचं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. 30 अंशांची हवा 10 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 7 टक्के विरळ असते. थंड तलावावर 18 नॉटला जो ओढा लागतो तो तिथे किंचित कमी लागेल. म्हणून पहिल्या दिवशी आकडा बघून शीड निवडू नका, पाण्याकडे बघा. पांढरे फेसाचे तुरे सगळीकडे दिसायला लागले की लहान शीड.

तळहातांची काळजी घ्या. तलावावर आठवड्यातून एकदा खेळणाऱ्यांचे हात तिसऱ्या दिवशी सोलतात. पाचवा दिवस आधीच विश्रांतीचा ठेवा. बुटांशिवाय पाण्यात पाऊल नको.

उधाणभांग

अंदाजांबद्दल एक ओळ: जगभराच्या हवामान मॉडेलमध्ये एक चौकोन 9 ते 25 किलोमीटरचा असतो, आणि बोनेअरची रुंदी त्यातल्या मोठ्या चौकोनाहूनही कमी. मॉडेलला तिथे बहुतेक समुद्रच दिसतो. निघण्याआधी तीन आठवडे रोजचा अंदाज आणि किनाऱ्यावरच्या वारामापकाचा खरा आकडा शेजारी शेजारी लिहीत जा. किती चुकतो आणि कुठल्या बाजूला ते कळतं. मग तिथे पोचल्यावर आदल्या रात्रीच तुम्हाला उद्याचं शीड माहीत असेल.

शीडवाली

ठरलं. बोनेअर, फेब्रुवारीचा पहिला शनिवार ते तिसरा. लॅक बेच्या काठावरच्या केंद्राला शीड बदलण्याबद्दल आजच लिहिलं. पहिले तीन दिवस सकाळी नवऱ्यासाठी शिकवणीही मागितली आहे. मघाशी तो स्वतःहून विचारत होता की कमरेएवढं पाणी म्हणजे नक्की कुठपर्यंत, तुझ्या कमरेएवढं की माझ्या.

खारावारा

त्यांना सांगा, बऱ्याच भागात दोघांच्याही. फक्त प्रवाळाच्या रांगेकडे जाताना खोल होत जातं, पहिले चार दिवस तिकडे वळू नका. आणि वारामापकाची वही आजपासूनच सुरू करा.