तालांव (म्हणजे चलान) मालकाच्या मोबाइलवर, लायसन ड्रायव्हरचं. पैसे कुणी भरायचे?

हिशेबनीस_फोंडा

फोंड्यातल्या एका छोट्या ट्रान्सपोर्टकडे मी गाड्यांचा हिशेब बघतो. अकरा गाड्या आहेत. गेल्या आठवड्यात वेर्ण्याच्या पठारावर आमच्या एका दहाचाकीला वेगाचा तालांव झाला. बोर्ड ६० चा, गाडी ६८ वर, म्हणजे तसं किरकोळच. फोटोत नंबरप्लेटभोवती लाल चौकोन, कोपऱ्यात ६८ आकडा आणि काचेमागे मामांचा अर्धा चेहरा. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. एकोणीस वर्षं झाली, गाडीला साधा ओरखडा नाही.

शेठ म्हणाले, पगारातून काप. मी अजून कापलेले नाहीत, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे पैसे शेठनी भरावेत, आणि दया म्हणून नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ वाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जड गाडीला २००० ते ४००० दंड आहे, आणि तो 'चालवणाऱ्याला' तसाच 'नोकराला तसं चालवायला लावणाऱ्याला'ही आहे. त्याच कलमात पुढे एक पोटकलम आहे, ते कुठल्याच ऑफिसच्या भिंतीवर लावलेलं मी पाहिलं नाही. अमुक वेळेत पोचा असा हुकूम दिला, आणि वेग मोडल्याशिवाय ते जमणारं नव्हतं असं कोर्टाला वाटलं, तर तो हुकूमच हुकूम देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो.

आता आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा त्या सकाळचा ६:५० चा मेसेज: '८ च्या आत गेट. उशीर झाला तर गाडी उद्यावर.' त्या वेळी मामा गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीला होते. तिथून वेर्ण्याच्या गिऱ्हाइकाचं गेट पन्नास-पंचावन्न किलोमीटर, मध्ये म्हापसा आणि पर्वरीची कोंडी, गाडी भरलेली. सत्तर मिनिटांत तुम्ही मोटारसायकलवर तरी पोचाल का? कोंडीतून सुटल्यावर पठारावर पाय दाबला गेला, एवढीच ती गोष्ट.

तीन_गाड्यांचा_धनी

हिशेबनीस साहेब, तुमच्या लिखाणात शेठ म्हणजे गादीवर लोळणारा माणूस दिसतो. माझ्या तीन गाड्या आहेत आणि तिन्हींचे हप्ते चालू आहेत. डिझेल, टायर, विमा, पासिंग यातून उरतं ते तुम्हाला सांगायलाही लाज वाटेल.

दुसरी बाजू ऐका. माझ्याकडे जीपीएसचा रिपोर्ट येतो. गाडी कुडाळजवळ धाब्यावर दीड तास उभी, आणि बांद्यापासून पुढे ७८, ७९. तो दीड तास माझ्या हुकुमाचा होता का? झोप काढली असेल तर काढू दे, मी कधी बोललो नाही. पण मग फोन करून सांग, 'शेठ, नऊ वाजतील.' ते सांगणार नाहीत. उरलेल्या रस्त्यावर भरून काढणार.

आणि 'किरकोळ' तालांवाचं मालकाला काय होतं तेही लिहा ना. मेसेज माझ्या नंबरावर येतो. थकला की वाहन पोर्टलवर लाल दिसतो आणि पासिंगला गेलं की खिडकीवर आधी तोच विषय निघतो. माझं एक गिऱ्हाईक तर गेटवरच नंबर टाकून बघतं. थकीत असेल तर गाडी आत नाही. दोन हजारांच्या तालांवापायी माझं दिवसाचं भाडं बुडालं आहे.

मी अर्धंअर्धं करतो. सगळं मीच भरणार असं एकदा कळलं की ॲक्सिलेटरवरचा पाय जड होतो. हा माझा अनुभव आहे, तुम्ही कलमं वाचत बसा.

स्टेरिंगवाला

धनी साहेब, धाब्यावरच्या दीड तासाचं मी सांगतो. आदल्या दिवशी लोडिंगला आठ तास गाडी लायनीत होती. त्या आठ तासांना तुमचा जीपीएस काय म्हणतो? 'गाडी उभी.' आणि ड्रायव्हर? तो केबिनमध्ये घामात, कारण नंबर कधी येईल पत्ता नाही. कायदा १९६१ पासून दिवसाला आठ तास काम म्हणतोय, आमचे आठ तास गाडी भरण्याआधीच संपतात.

आता ६८ चं. ज्यांनी भरलेली गाडी कधी चालवली नाही त्यांना वाटतं गव्हर्नर, म्हणजे वेग बांधायचं यंत्र, लावला म्हणजे झालं. गव्हर्नर डिझेल तोडतो, ब्रेक मारत नाही. उताराला वीस टन माल मागून ढकलतो तेव्हा काटा आपोआप चढतो. गिअर उतरवून, एक्झॉस्ट ब्रेक धरून आणायचा असतो, आणि बहुतेक वेळा आणतोच. काही जण डिझेल वाचवायला न्यूट्रल मारतात. त्यांची बाजू मी घेत नाही, ते गाढव आहेत. पण डिझेलचं ॲव्हरेज कमी आलं तर पात्रांव, म्हणजे मालक, कुणाला बोलतो?

आणि पैशांचं सोडा हो. तुम्हाला दोन हजार जातात, मला लायसन. दुसऱ्यांदा सापडलो की कायद्याने लायसन जप्त. २०१५ पासून सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना सांगितलंय, जादा वेगाला किमान तीन महिने निलंबन. माझ्या एका दोस्ताचं मागच्या पावसात गेलं. तीन महिने तो क्लिनर म्हणून फिरला. ज्या पोराला त्याने स्वतः क्लच सोडायला शिकवलं, त्याच्याच गाडीवर. मागून शिट्टी मारून 'येऊंदे, येऊंदे' म्हणायचा. आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो.

गडग्याआतली

तुम्ही तिघेही पैसे, हप्ते, लायसन बोलताय. माझं घर धारबांदोड्याला रस्त्याला लागून आहे. आमच्या गडग्याचे, म्हणजे कुंपणाच्या भिंतीचे, चिरे दोनदा नव्याने बसवले, दोन्ही वेळा ट्रकने पाडले म्हणून. दोन्ही ड्रायव्हर म्हणाले, 'बाय, जास्त नव्हती गाडी.'

'किरकोळ' म्हणजे किती ते बघू या. दहा किलोमीटर ६० ने गेलात तर दहा मिनिटं, ६८ ने गेलात तर पावणेनऊच्या वर. म्हणजे वाचलं सव्वा मिनिटही नाही. आणि गाडीची धडक देण्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच ६८ ला २८ टक्क्यांनी जास्त. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या दीड सेकंदात ६० ची गाडी पंचवीस मीटर पुढे गेलेली असते. आमच्या फाटकापासून शाळेच्या बसस्टॉपपर्यंत तेवढंही अंतर नाही.

मामांचं एकोणीस वर्षांचं रेकॉर्ड चांगलं असेल, मी मानते. रस्ता ओलांडणाऱ्या पोराला ते रेकॉर्ड दिसत नाही. माझ्या मते दोघांकडूनही पूर्ण दंड घ्यावा. अर्धाअर्धा कशाला?

कुडचड्याचा_जुना

बायचं बरोबर आहे आणि स्टेरिंगवाल्याचंही. आम्ही हे २०१२ च्या आधी रोज पाहिलं. त्या वर्षी खाणी बंद झाल्या, पण त्याआधी सावर्डे-कुडचडे रस्त्यावर टिपरची रांग तुटत नसे. पैसे खेपेवर. जास्त खेपा मारल्या तर जास्त पैसे, मग पोरगा सावकाश कशाला जाईल? खाणीपासून जेटीपर्यंत शर्यत. उघड्या दारात कपडे वाळत घालता येत नव्हते, सगळं तांबडं. पोलीस पकडायचे ते ड्रायव्हरला. खेपेचा रेट ठरवणाऱ्याला कुणी रस्त्यावर अडवल्याचं मला आठवत नाही.

गंमत म्हणजे तेव्हा ट्रकवाले बहुतेक गावचेच. स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. तालांव कुणी भरायचा हा वाद नव्हता, तरी गाडी पळायचीच. तेव्हा हिशेबनीस बाब, पैसे शेठच्या खिशातून गेले म्हणून वेग कमी होईल अशी आशा नको. रेट खेपेवर की दिवसावर, ते आधी बघा. आता खाणी परत सुरू होताहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कलमवाला

दोन दुरुस्त्या. एक, पगारातून दंड कापायचा तर वेतन कायद्यात मर्यादा आहे: महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्के, तेही त्या माणसाचं म्हणणं ऐकून. मामांना १८,००० असतील तर ५४० रुपये. शेठनी अख्खा तालांव दंड म्हणून कापला तर शेठच अडचणीत.

दोन, नोटीस मालकाला आली तरी त्या वेळी गाडीवर कोण होतं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली मालकाने सांगायचं असतं. लॉगबुक नसेल तर इथेच घोळ होतो.

तीन_गाड्यांचा_धनी

३ टक्के दंडाला. नोकराच्या हलगर्जीमुळे झालेलं नुकसान वसूल करायचं कलम वेगळं आहे, तेही सांगा की. अर्धंच वाचून दाखवू नका.

कलमवाला

आहे. पण सरकारने केलेला दंड म्हणजे मालकाचं 'नुकसान' का, यावर वाद घालता येतो, आणि तिथेही आधी त्याला बोलायची संधी द्यावी लागते. तुम्ही देता?

शिरगावचो

लॉगबुकावरून आठवलं. माझ्या भावाच्या नावावर एका मालकाने वेगाचं चलान ढकललं होतं. तारीख बघितली तर लईराईच्या जत्रेची. भाऊ धोंड, म्हणजे लईराई देवीचा व्रतकरी भक्त, पाच दिवस व्रतावर, गाडीच काय, घरातल्या स्कूटरलाही हात लावलेला नव्हता. गाडीवर होता बदली ड्रायव्हर, तो तोवर काम सोडून गावी गेलेला. मालक म्हणाला, 'कुणाचं तरी नाव द्यायला हवं ना.' देवीच्या बेतकाठीसकट फोटो दाखवला तेव्हा नाव काढलं.

वाटसरू

माझा मामेभाऊ अमेरिकेत ट्रक चालवतो. तिथे मर्यादेपेक्षा ताशी १५ मैल, म्हणजे साधारण २४ किलोमीटर, वर गेलात तर 'गंभीर' गुन्हा. तीन वर्षांत असे दोन झाले की ६० दिवस व्यावसायिक लायसन बंद, तीन झाले की १२०. त्याच्या आतला वेग लायसनच्या हिशेबात 'गंभीर' नाही. आठ किलोमीटर आणि अठ्ठावीस किलोमीटर एकाच मापाने मोजू नयेत एवढंच म्हणतो.

गडग्याआतली

तिकडे घराच्या पायरीला लागून हायवे जातो का हो?

स्टेरिंगवाला

बाय, तुमच्या फाटकासमोरून जाताना माझा पाय ब्रेकवर असतो. खरं सांगतो. पण माझ्या मागे मोबाइलवर 'कुठे पोचलास' म्हणून अकरा मिस्ड कॉल असतात.

गडग्याआतली

मग तो मोबाइल क्लिनरकडे द्या.

स्टेरिंगवाला

क्लिनर ठेवायचं पात्रांवने कधीच बंद केलंय.

हिशेबनीस_फोंडा

सगळं वाचलं. कालची गोष्ट सांगतो. कलम १८३ चं पान आणि आमच्या ग्रुपवरचा तो ६:५० चा मेसेज, दोन्ही छापून शेठच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग मला विचारलं, 'हा मेसेज आता डिलीट होतो का रे?' मी म्हटलं, चौदा जणांच्या मोबाइलवर आहे, शेठ.

कापायचं म्हणाले नाहीत, आणि भरतो असंही म्हणाले नाहीत. संध्याकाळी बघतो तर तालांव भरलेला. मामांनीच, मुलाच्या फोनवरून. पैसे परत घ्या म्हटलं तर घेईनात. म्हणाले, 'माझ्यासाठी शेठशी भांडू नकोस. गेटची वेळ तेवढी आठची नऊ करून घे.'

तीन_गाड्यांचा_धनी

गिऱ्हाईक नऊला गाडी आत घेईल?

हिशेबनीस_फोंडा

आजवर कुणी विचारलेलंच नाही. सोमवारी वेर्ण्याला जातोय विचारायला.