2015 नंतर नोकरी नाही, अकाउंट्सचा रेझ्युमे कसा लिहू?

अबोली_नाशिक
नमस्कार. मी बी.कॉम. 2008 ते 2015 सातपूर एमआयडीसीत एका प्रेस पार्ट्सच्या कंपनीत अकाउंट्स असिस्टंट होते. मग मुलं आणि सासूबाईंचं आजारपण, त्यामुळे नोकरी सोडली. आता टॅली प्राइम आणि जीएसटीचा क्लास केलाय, एका सीएंकडे अर्धा दिवस जाते.

माझा सगळा अनुभव जीएसटीच्या आधीच्या व्हॅटचा आहे. परराज्यातल्या गिऱ्हाइकांकडून सी फॉर्म (कमी दराच्या करासाठीचा दाखला) गोळा करणं, जे-वन जे-टू या विक्री-खरेदीच्या याद्या, 704 या फॉर्ममधल्या व्हॅट ऑडिटची तयारी. हे आता कोण विचारणार? काढून टाकू का? आणि मधल्या वर्षांचं काय लिहू?

खतावणी
अबोलीताई, काढू नका. मी अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते, असिस्टंटचे अर्ज माझ्याकडेच येतात. बहुतेकांवर वरच 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' असतं, खाली 'टॅली येतं, जीएसटी येतं'. त्या माणसाने रोज नेमकं काय केलं, ते कळतच नाही.

जे-वन जे-टू म्हणजे काय होतं? आपली खरेदी आणि समोरच्याने दाखवलेली विक्री जुळवणं. नाही जुळली की सेट-ऑफ, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, अडकायचा आणि आपण सप्लायरला फोन करत बसायचो. आज जीएसटीआर-टू-बी, म्हणजे सप्लायरने दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, जुळवताना हेच करतो. 14 तारखेला टू-बी येतं आणि 20 ला थ्री-बी हे महिन्याचं रिटर्न भरायचं असतं. त्या मधल्या दिवसांत कोणती बिलं आली नाहीत ते शोधून सप्लायरच्या मागे लागणारं माणूस मला हवं असतं. सी फॉर्मसाठी पाठपुरावा केलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. फक्त 'व्हॅट रिटर्न' एवढंच लिहून सोडू नका. काय जुळवलं, कोणाकडून काय मिळवलं, ते लिहा.

महिन्याला बिलं किती असायची? बँक खाती किती? टीडीएसचं चलन तुम्ही भरायचात का?

रानवारा
मी तर म्हणेन, खंडाचा उल्लेखच नको. वर्षं गाळायची, नुसतं 'सात वर्षं अनुभव' लिहायचं. आधी मुलाखतीला बोलावू तर दे.

खतावणी
रानवारा, हे मला अजिबात पटत नाही. वर्षं नसलेला रेझ्युमे दिसला की मी आधी तेच शोधते. शिवाय पीएफच्या नोंदीत आधीची नोकरी सोडल्याची तारीख असते, रुजू होताना ते समोर येतंच. एक ओळ पुरे: '2015 पासून कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरीत नव्हते, सध्या सीए कार्यालयात अर्धवेळ.' आजारपणाचा तपशील नको, माफीचा सूर तर नकोच. घरचं माणूस सांभाळणं हा काही गुन्हा नाही.

अबोली_नाशिक
महिन्याला तीनशेच्या आसपास खरेदीची बिलं, दोन बँक खाती. टीडीएसचं चलन मीच भरायचे, 26क्यू हे टीडीएसचं रिटर्न सीए करायचे. सध्या टू-बीची एक्सेल शीट मी जुळवते.

खतावणी
अहो, मग हेच वर आणा! सगळ्यात आधी सध्याचं काम: 'सीए कार्यालयात टू-बी आणि खरेदी नोंदवही यांची एक्सेलमध्ये जुळवणी, टॅली प्राइममध्ये नोंदी.' त्याखाली सातपूर: 'दरमहा सुमारे 300 खरेदी बिलांची नोंद, दोन बँक खात्यांचं रिकन्सिलिएशन, 7 तारखेपर्यंत टीडीएस चलन, सी फॉर्मचा पाठपुरावा, 704 ऑडिटसाठी कागदपत्रं.' इंग्रजीत लिहा, पण असंच साधं. क्लास शिक्षणात जाईल, अनुभवात नको. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद, शेवटचं डिक्लेरेशन, सगळं काढा. एका पानात बसेल.

दगडीचाळ
भरतीचं काम करतो म्हणून एक भर घालतो. नोकरीच्या पोर्टलवर आम्ही शब्द टाकून शोधतो, त्यामुळे टॅली प्राइम, जीएसटीआर-वन, थ्री-बी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन ही नावं पूर्ण आणि बिनचूक लिहा. दोन रकान्यांचे रंगीत नमुने टाळा, पोर्टलवर चढवताना मजकूर इकडचा तिकडे होतो. आणि राहता भाग लिहा, पूर्ण पत्ता नको. नाशिकरोडहून अंबडला रोज येणं जमेल का, हे विचारलं जातंच.

अबोली_नाशिक
दोघांचे मनापासून आभार. सीएसरांचं नाव संदर्भ म्हणून देऊ का?

खतावणी
त्यांना विचारून द्या. मी फोन करते तेव्हा एवढंच विचारते, 20 तारखेच्या आठवड्यात ही कशी काम करते. त्यांना आधी सांगून ठेवा.