मदत हवी आहे: शुक्रवारी हॅलोविन, लेकीला पाठवू की नको?

मुक्ता_म: प्लीज लवकर सांगा. लेक हट्टाला पेटलीय, शेजारच्या पोरांबरोबर ट्रिक ऑर ट्रीटला (दारोदार कँडी मागायला) जायचंय म्हणून, मला कँडीची भीती वाटतेय आणि सासूबाईंचा पुण्याहून रोज फोन, हा भुताखेतांचा सण कशाला करता. काय करू?

सुहास_टेक्सास: अजिबात पाठवू नका. आमच्या इकडे १९७४ला एका मुलाचा कँडीतल्या सायनाइडने जीव गेला होता. मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम करा, सगळी मुलं डोळ्यासमोर राहतात.

गोदाकाठ: सुहास, अर्धीच गोष्ट सांगू नका. ते विष इन्शुरन्सच्या पैशासाठी सख्ख्या बापाने घातलं होतं, अनोळखी माणसाने नाही. त्या रात्री खरी भीती गाड्यांची. मुक्ता, लेक केवढी आहे? राहता कुठे? आणि भीती नक्की कसली?

डब्लिनकर: सासूबाईंना सांगा, हा मूळचा आयर्लंडचा सण, सॉविन. सुगी संपून हिवाळा लागायचा, त्या रात्री गेलेली माणसं घरी येतात अशी समजूत. पुढे चर्चने १ नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस केला, त्याची ही आदली संध्याकाळ. आता भोपळ्यावर चेहरा कोरतात, पण इथे तेव्हा भोपळा नव्हता, शलगम कोरायचे. कॅसलबारच्या म्युझियममध्ये तसल्या एका शलगमाची प्लास्टरची प्रतिकृती आहे, खोल गेलेले डोळे आणि विचकलेले दात, भोपळ्यापेक्षा कितीतरी भयानक. १८४५च्या बटाट्याच्या दुष्काळानंतर लाखो आयरिश अमेरिकेला गेले, तिथे भोपळा आयता मिळाला. आपल्या सर्वपित्रीसारखंच म्हणा की.

श्रीपाद_जोशी_नाही: सर्वपित्रीला आपण पान वाढतो, दारोदार मागत फिरत नाही.

डब्लिनकर: इंग्लंडात गरीब लोक मृतांसाठी प्रार्थना म्हणत दारोदार जायचे, त्यांना छोटे केक मिळायचे. मागण्यालाही मूळ आहे.

मुक्ता_म: अहो इतिहास नंतर!! लेक सहा वर्षांची, आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, एपिपेन (तीव्र ॲलर्जीचं इंजेक्शन) आहे, म्हणून तर विचारतेय.

गोदाकाठ: हे आधी सांगायचं ना! माझ्या मुलालाही आहे. पोटभर जेवूनच निघा, घरी येऊन तुम्ही बघेपर्यंत तिने एकही कँडी तोंडात टाकायची नाही. छोट्या पाकिटांवर बरेचदा घटकच छापलेले नसतात, आणि मोठ्या पाकिटात चालतं ते छोट्यात चालेलच असं नाही. लेबल नाही तर सरळ बाजूला. घरी स्टिकर, पेन्सिली आणून ठेवा आणि बदल्यात द्या. दारात निळसर हिरवा भोपळा दिसला तर तिथे खाऊशिवायच्या वस्तू मिळतात, २०१४पासून देशभर चालू आहे हे. एपिपेन तुमच्याजवळच हवं, शेजारणीच्या भरवशावर सोडू नका.

अनु_किचन: कोरून उरलेल्या गराचे घारगे होतात का?

श्रीपाद_जोशी_नाही: कोरायचा भोपळा पाणचट असतो, पाय पंपकिन (खाण्याचा छोटा गोड भोपळा) आणा.

मुक्ता_म: थँक्यू गोदाकाठ, मीच जाते बरोबर. तिला झाशीच्या राणीचं सोंग घ्यायचंय, नऊवारी चालेल ना?

गोदाकाठ: घोट्याच्या वर नेसवा, पायात येते. आणि पाठीला चमकणारी टेप लावा, गडद रंग गाडीवाल्याला दिसत नाही.